मराठी माध्यमाच्या मुलांसाठी उपचारात्मक शिकवणी : कोथरूडमधील एका वर्गाचा अनुभव

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी शिकवणी शोधताना आम्ही ज्या ज्या ठिकाणी चौकशी केली, तेथे बहुतेक सगळे साहित्य इंग्रजीचे होते. आमचा मुलगा चौथीत, मराठी माध्यमात शिकतो. त्याला वाचन व लेखन अक्षमता असून अवधानाचीही अडचण आहे. कोथरूडमधील हा घरगुती वर्ग आम्ही निवडला, तो येथील विशेष शिक्षिका देवनागरीच्या अडचणी देवनागरीतूनच सोडवतात म्हणून.

पहिल्या वेलांटीचेच पाहा. ‘दिवस’ म्हणताना आधी ‘द’ ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी त्याच्या आधी काढावी लागते. त्यामुळे मुलगा ऐकलेल्या क्रमाने ‘द’ लिहून मोकळा होई आणि उरलेली वेलांटी पुढच्या अक्षराला देऊन ‘दविस’ लिही. रफाराचेही तसेच, कारण ‘पर्वत’मधला ‘र’ उच्चारात ‘व’च्या आधी येतो, मात्र लिहिताना तो ‘व’च्या डोक्यावर बसतो. शाळेत अशा शब्दांखाली लाल रेघ येई आणि तोच शब्द दहा वेळा लिहायला मिळे. येथे ताटलीत रवा पसरून शिक्षिका सांगतात, “घाई नको. आधी तोंडाने म्हण, मग बोट फिरव.” उच्चार, स्पर्श आणि दृष्टी यांची अशी एकत्र सांगड घालणे हा वाचनात अडखळणाऱ्यांना शिकवण्याच्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीचा गाभा आहे आणि तो त्यांनी मराठीच्या वळणाने फार विचारपूर्वक उतरवला आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या त्या मुद्दाम एका दिवशी शिकवत नाहीत. एक अक्षर पक्के झाल्यावरच दुसरे येते.

पाऊण तासाच्या तासिकेचे लहान लहान तुकडे केलेले असतात. एका वेळी एकच सूचना दिली जाते आणि अक्षरपत्ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले असल्यामुळे मुलाला उठण्याची मुभा कामातच मिळते. औषधाविषयी विचारल्यावर त्यांनी मत न देता आम्हाला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, हे मला विशेष भावले.

अक्षमतेच्या प्रमाणपत्राबाबतही त्यांनी आम्हाला अंधारात ठेवले नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातल्या अशा अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. परंतु त्यासाठी वर्गाचा अहवाल चालत नाही, अधिकृत रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते, हे त्यांनी प्रवेशाच्या वेळीच सांगितले.

गणिताची बाजू मात्र लंगडी आहे. उभ्या मांडणीसाठी चौकटीची वही दिली जाते, पण हातचा आणि उसना यांमागची कल्पना वस्तू हाताळून रुजवण्याइतका वेळ दिला जात नाही. शनिवारी एकाच खोलीत दोन मुलांना बसवतात. ज्याचे लक्ष शेजारच्या कुजबुजीनेही उडते, त्याच्यासाठी ही सोय योग्य नव्हे. याविषयी आम्ही बोललो आणि आम्हाला आठवड्यातली वेळ बदलून मिळाली, पण शनिवारची व्यवस्था तीच आहे. शुल्क नेहमीच्या शिकवणीपेक्षा बरेच जास्त असले, तरी एरवी एका मुलामागे एक शिक्षिका असल्याने ते मला अवाजवी वाटत नाही.

मुलगा आता जोडाक्षर आले की पुस्तक मिटत नाही, थांबून फोड करतो. वेग अजून कमीच आहे. ज्यांची मुख्य अडचण गणिताची आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी एक तासिका बसून पाहावी. शनिवारची वेळ शक्यतो घेऊ नये.