मेनूत फुकट असलेल्या गोष्टीचे ६८,६९० रुपये

२१,२४० अधिक ३२,४५० अधिक १५,०००. एकूण ६८,६९० रुपये, एका भामट्यानं आमच्याकडून उकळलेले. त्यातले ८,१९० म्हणे जीएसटीचे. तो जीएसटी कुठल्या सरकारला भरला गेला, ते पुढे येईलच.

आमचं फिक्श्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारं साधन) आणि एसपीएम (एकाच खास कामासाठीचं यंत्र) डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं बहुतेक चाकण, भोसरी, शिरवळकडची, गाड्यांचे पार्ट बनवणारी. कामाची नोंद रेडमाइनवर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळायच्या एका सॉफ्टवेअरवर असते; त्यातल्या एकेका कामाच्या नोंदीला ‘इश्यू’ म्हणतात. रेडमाइन फुकट आहे, २००६ पासून आहे. आमच्याकडे पूर्वी असलेल्या एका मुलानं ते बसवून दिलं आणि तो जर्मनीला गेला. त्यानं रचना वर्षाप्रमाणे केली होती: वर वर्ष, त्याच्या पोटात गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या पोटात जॉब. सुरुवातीला ठीक चाललं. पण गिऱ्हाइकाची एकेक उत्पादनाची लाइन वर्षानुवर्षं चालते, सुधारणा येत राहतात, आणि मग एकाच फिक्श्चरचा इतिहास तीन वर्षांच्या तीन कप्प्यांत विखुरतो. म्हणून उलटं करायचं होतं. वर गिऱ्हाईक, आत लाइन, तिच्या आत फिक्श्चर. शे-दीडशे प्रोजेक्ट इकडून तिकडे हलवायचे. एवढंच काम.

हे काम करून देणारा माणूस उद्योजकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मिळाला. ‘रेडमाइन, जिरा, ओपनप्रोजेक्ट: रिस्ट्रक्चरिंग एक्स्पर्ट’. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, दर वाक्याला ‘सर’. आता लोक विचारतात, चौकशी नाही का केलीत? केली होती. त्यानं दोन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले, मी दोन्हीकडे फोन केला, दोन्हीकडून तोंडभरून कौतुक झालं. ते दोघे कोण होते हे आज मला चांगलं कळतंय. तेव्हा कसं कळावं? आम्ही यंत्रं डिझाइन करतो, सर्व्हर सांभाळणं आमचा धंदा नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते.

डेमोसाठी तो ऑफिसात आला. स्वतःच्या लॅपटॉपवर नमुन्याचं रेडमाइन उघडलं, एक अख्खं झाड, म्हणजे प्रोजेक्ट आणि त्याच्या पोटातले सगळे, दुसऱ्या झाडाखाली नेऊन दाखवलं. दहा सेकंदांत. आमच्याकडची ज्युनिअर डिझायनर, कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नसेल, मागे उभी होती. ती म्हणाली, “सर, हे सेटिंग्जमधलं पान आपल्याकडेही आहे ना? खाली ‘सबप्रोजेक्ट ऑफ’ असं ड्रॉपडाउन येतं.”

तो हसला. जराही गडबडला नाही. म्हणाला, “मॅडम, ते एका प्रोजेक्टसाठी. पोटातले प्रोजेक्ट त्याच्याबरोबर येत नाहीत. आणि तसं हलवलंत तर सगळ्या इश्यूंचे नंबर बदलतात.”

नंबर बदलतात! हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये रेडमाइनचा इश्यू नंबर छापलेला असतो. टूलरूमवाला त्याच नंबरावरून फोन करतो. ते नंबर बदलले तर हजारो ड्रॉइंगं बेवारस. मी त्या मुलीला म्हणालो, “तू जरा थांब, त्यांना बोलू दे.” ती गप्प बसली. तिनं नंतर एका शब्दानंही टोमणा मारला नाही, त्यानं उलट जास्त लागलं.

ते वाक्य शुद्ध खोटं होतं, दोन्ही अर्ध्या भागांत. रेडमाइनमध्ये इश्यूचा नंबर प्रोजेक्टचा नसतो, अख्ख्या सिस्टिमचा एकच क्रम असतो. प्रोजेक्ट कुठेही हलवा, नंबर जागचा हलत नाही. आणि वरचा प्रोजेक्ट हलवला की पोटातले आपोआप त्याच्याबरोबर जातात. पाहायचं असेल तर एक खोटा प्रोजेक्ट बनवा, त्याच्या पोटात दुसरा, त्यात दोन इश्यू, आणि हलवून बघा. चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळेल. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि ज्या मुलीला माहीत होतं तिला मी गप्प केलं होतं.

त्यानं दोन बिलं दिली. पहिलं ‘स्ट्रक्चर ऑडिट’चं, १८,००० अधिक १८ टक्के, म्हणजे २१,२४०. दुसरं ‘ट्री मायग्रेशन प्लगइन लायसन्स’चं (प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा भाग), २७,५०० अधिक ४,९५० कर, म्हणजे ३२,४५०. पैसे यूपीआयनं मागितले. पाठवताना समोर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “कंपनीचं करंट अकाउंट केवायसीला अडकलंय, मिसेसच्या खात्यावर टाका.” मार्चअखेर होती, कुणाचं ना कुणाचं खातं अडकलेलंच असतं. टाकले.

आणि बिल! बिलाच्या डोक्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, सुरुवात २७, म्हणजे महाराष्ट्र. दिसायला चोख. पण त्या नंबरातली पहिली दोन अक्षरं सोडली की पुढची दहा म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कुणाचा आहे. कंपनी असेल तर ‘सी’, माणूस असेल तर ‘पी’. या बिलावर ‘पी’ होतं. नंबराचं सहावं अक्षर. बिल हातात आलं की आधी तेवढं बघा. मग जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाका, नाव येतं, चालू आहे की रद्द झालाय तेही येतं. लॉगिन लागत नाही. आमच्या सीएनं हे दोन महिन्यांनी सांगितलं, जेव्हा टू-बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीत, ती दोन्ही बिलं दिसेचनात. नंबर कुठल्यातरी किराणा दुकानदाराचा निघाला, तोही कधीच रद्द झालेला. म्हणजे आमच्या करातून वजा होणारं ८,१९० चं क्रेडिटही गेलं.

काम मात्र त्यानं ‘केलं’. हेच तर दुखणं आहे, कारण पुढे सगळे हेच ऐकवायला लागले. त्याला अ‍ॅडमिनचं लॉगिन हवं होतं. वेगळं खातं काढून देतो म्हटलं तर म्हणाला, प्लगइन मूळ अ‍ॅडमिनवरूनच चालतं. दिलं. एका रात्रीत सगळं हललं. प्लगइन वगैरे काही बसवलंच नव्हतं, हे नंतर उघड झालं. त्याच ड्रॉपडाउनमधून एकेक हलवलं होतं.

त्यानं सगळ्यांच्या डोक्यावर ‘ऑल क्लायंट्स’ नावाचा एक प्रोजेक्ट बसवला, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची लॉगिनं त्यात मेंबर म्हणून टाकली, आणि खालच्या प्रत्येक प्रोजेक्टवर ‘इनहेरिट मेंबर्स’ची खूण केली. ज्यांना हे सॉफ्टवेअर माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल. इतरांसाठी सांगतो: वरच्या प्रोजेक्टचे सगळे मेंबर खालच्यातही आपोआप मेंबर झाले. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम दिसायला लागलं. ड्रॉइंगं, कोटेशनं, सगळं. आम्ही या लोकांशी गोपनीयतेचे करार करून बसलोय.

मला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडच्या परचेसवाल्याच्या फोननं. “त्यांना वेल्डिंग फिक्श्चर आमच्यापेक्षा स्वस्तात देता वाटतं?” काय उत्तर द्यायचं यावर?

त्या एक्स्पर्टाला फोन लावला. म्हणाला, “सर, परमिशन मॅट्रिक्स करप्ट झालाय, रात्रीतच करावं लागेल, १५,०००.” बिल नाही, काही नाही. रात्रीचे अकरा वाजलेले, गिऱ्हाइकं हातची जाण्याची वेळ. पाठवले. कुणीही पाठवले असते. त्यानंतर फोन बंद, तो आजतागायत.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीनं दुरुस्त केलं. प्रत्येक प्रोजेक्टवरची खूण काढायची, सेव्ह करायचं. खूण काढली की वरून आलेले मेंबर आपोआप गळतात. दुपारपर्यंत संपलं. पण तोवर आणखी एक गोष्ट समोर आली. आमचे डिलिव्हरीचे टप्पे, म्हणजे रेडमाइनची ‘व्हर्जन’, जुन्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये होते आणि खालच्यांना शेअर केलेले होते. प्रोजेक्ट त्या वर्षाखालून बाहेर पडला की शेअरिंग तुटतं आणि इश्यूवरचं टार्गेट व्हर्जन पुसलं जातं. शेकडो इश्यूंवरून पुसलं गेलं. हलवायच्या आधी शेअरिंग ‘सगळ्या प्रोजेक्टांशी’ करून ठेवलं असतं तर काही झालं नसतं. एक्स्पर्टाला माहीत नव्हतं. बॅकअप? “क्लाउडवर घेतलाय” म्हणाला होता. कुठल्या क्लाउडवर, देव जाणे. बॅकअप स्वतः घ्या, डेटाबेसही आणि ‘फाइल्स’ फोल्डरही. नुसता डेटाबेस घेतलात तर ड्रॉइंगं परत येणार नाहीत.

आता पोलीस.

ठाणे अंमलदारानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “प्रोजेक्टच्या आत प्रोजेक्ट म्हणजे?” मी कागदावर झाड काढून दाखवलं. तो म्हणाला, “मग काम तर झालंय की. आवडलं नाही म्हणून पैसे परत मागताय, ही दिवाणी बाब आहे.” खोटा जीएसटी नंबर दाखवला. “ते जीएसटीवाल्यांकडे.” जीएसटीवाले म्हणाले, फसवणूक पोलिसांकडे. सायबरच्या खिडकीवरच्या साहेबांचा एकच प्रश्न: “ओटीपी गेला का?” नाही. “लिंकवर क्लिक केलं का?” नाही. “मग हॅक कसं झालं? पासवर्ड तुम्हीच दिलात.” म्हणजे माझा ओटीपी गेला असता तर मी पीडित, विश्वास गेला तर मी अडाणी! बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय. ग्राहक म्हणून तक्रार करावी तर कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, हे मला चहा पाजून समजावण्यात आलं. चहा मात्र चांगला होता.

पुरावा आणा म्हणाले. रेडमाइन इश्यूच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, पण कुठला प्रोजेक्ट कुणी कुणाच्या पोटात घातला याचा इतिहास पडद्यावर कुठेच दिसत नाही. पुसल्या गेलेल्या व्हर्जनची नोंद दिसते, त्यापुढे नाव ‘अ‍ॅडमिन’. म्हणजे मी! सर्व्हरच्या लॉगमध्ये आयपी पत्ता सापडला. तो घेऊन गेलो तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा), एक भाग माझा आणि एक तज्ज्ञाचा. तज्ज्ञ कोण आणणार? तुम्हीच. म्हणून सांगतो, बाहेरच्या माणसाला कधीही स्वतःचं अ‍ॅडमिन लॉगिन देऊ नका, त्याच्या नावाचं खातं काढा, काम झालं की लॉक करा. आणि पासवर्ड बदलला म्हणजे सुटलो असं समजू नका. एपीआय की, म्हणजे पासवर्डाशिवाय आत शिरायची किल्ली, पासवर्डाबरोबर बदलत नाही, ‘माय अकाउंट’मध्ये जाऊन वेगळी रिसेट करावी लागते. आमची तीन आठवडे तशीच उघडी होती.

शेवटी ठाण्यात ‘अर्ज’ घेतला. एफआयआर नव्हे, अर्ज. पोच मागितली तर कपाळाला आठ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्क्यासकट. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, ‘दिवाणी’ हा शब्द ऐकला की हे कलम कागदावर लिहून समोर ठेवा. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येतं, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तसं लिहिलंय. आणि आयटी कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांकडे नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पाच कोटींपर्यंत. इतक्या खुर्च्यांसमोर बसलो, एकानंही हे सांगितलं नाही. एका वकील मित्रानं लग्नाच्या पंगतीत सांगितलं. दावा तयार करतोय, बघू. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ते समोरच्या खात्यातून निघायच्या आत. मला फसलोय हे कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं.

हा माणूस अजून धंद्यात आहे. परवा ओळखीच्या एका पॅटर्न शॉपवाल्याचा फोन आला, “अहो, प्रोजेक्ट हलवले तर इश्यूचे नंबर बदलतात का हो?” मी तिथल्या तिथे त्याला स्क्रीन शेअर करायला लावलं आणि ते ड्रॉपडाउन दाखवलं. त्यानं ५,००० अ‍ॅडव्हान्स सकाळीच पाठवला होता, त्याच बाईच्या खात्यावर. त्या पेमेंटचा स्क्रीनशॉट आता माझ्या अर्जाला जोडलाय.