गाळ्यासाठी आग विझवायचं सिलिंडर घेताना: एबीसी पावडर की सीओटू?

वागळे इस्टेटमधला पॅकिंगचा गाळा, महाप्याचं छोटं आयटी ऑफिस आणि वाशीतलं उपाहारगृह. तिघंही बहुतेक वेळा एकच वस्तू घेतात, सहा किलोचं एबीसी सिलिंडर. गाळ्याला ते योग्य आहे, ऑफिसला अपुरं आहे आणि उपाहारगृहाच्या कढईसमोर जवळपास निरुपयोगी. तुमच्याकडे काय जळू शकतं आणि ते कुठे ठेवलंय, यावरून निवड करा. दुकानदाराकडे काय शिल्लक आहे यावरून नको.

एबीसीत मोनोअमोनियम फॉस्फेटची पावडर असते. पुठ्ठा, लाकूड, कापड यांवर ती वितळून चिकट थर धरते आणि निखाऱ्याचा हवेशी संबंध तोडते. पेट्रोल, थिनर, गॅस आणि चालू वायरिंग यांवरही चालते. चार-पाच मीटरवरून मारता येते, म्हणून घाबरलेल्या माणसाच्या हातात हेच जास्त उपयोगी पडतं. पण सहा किलोचं सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं आणि बंद खोलीत मारलं तर समोरचं दिसेनासं होतं. शिवाय बारीक पावडर प्रत्येक फटीत शिरते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती ओल धरून धातू खाते. आगीतून वाचलेला सर्व्हर किंवा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा कंट्रोलर मग काही दिवसांनी बंद पडतो.

तिथे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर घ्या. हा वायू मागे काहीच ठेवत नाही आणि वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पॅनेल, यूपीएस, सर्व्हर रॅकसाठी तोच. मर्यादाही समजून घ्या. तो दीड-दोन मीटरपर्यंतच पोहोचतो आणि शटर उघडं किंवा पंखा चालू असेल तर उडून जातो. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर ज्वाळा विझते, आतला निखारा तसाच राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. मारताना हॉर्नच्या, म्हणजे वायू बाहेर फेकणाऱ्या तोंडाच्या, धातूच्या भागाला हात लावू नका, गारठ्याने कातडी जळते, मूठ धरा. लहान सर्व्हर रूममध्ये तो श्वासाची हवाही कमी करतो, म्हणून दारात उभं राहून मारायचं, मागे सरायचं आणि दार ओढून घ्यायचं. कोणतंही सिलिंडर असो, आधी मेन स्विच पाडा. वीज चालू राहिली तर विझलेलं पॅनेल पुन्हा पेटतं.

देखभालीतही फरक आहे. एबीसीचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात असला तरी आतली पावडर ओलीने किंवा यंत्रांच्या कंपाने दगडासारखी बसलेली असू शकते. सर्व्हिसवाल्याला ते तपासायला सांगा. एबीसी एकदा जरी थोडंसं दाबलं, तरी पावडर व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकते आणि दाब हळूहळू गळतो, म्हणून पूर्ण रिफिल करूनच परत टांगा. सीओटूला काटाच नसतो, तो वजनावर कळतो. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की रिफिल. लोखंडी ४.५ किलोचं सिलिंडर भरल्यावर पंधरा किलोच्या आसपास जातं, तेव्हा तुमच्या कर्मचाऱ्यांना ते उचलता येतंय का, हे विकत घेण्याआधीच बघा. न उचलता आलं तर दोन किलोचं घ्या.

क्लीन एजंट (वायू होऊन उडून जाणारं रसायन) सिलिंडर पावडरसारखी घाण करत नाही आणि सीओटूपेक्षा लांबवर जातं, पण काही पटींनी महाग पडतं. अतिमहाग यंत्र असेल तरच त्याचा विचार करा.

तळणाच्या तेलाला वेट केमिकल (तेलावर फेसाचा थर धरणारं द्रव रसायन) प्रकारचं सिलिंडर लागतं. सीओटूच्या झोताने पेटतं तेल बाहेर उडू शकतं. पाणी तर कधीच नाही. गॅस बंद करून झाकण सरकवणं हा पहिला उपाय.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डिलिव्हरीच्या इलेक्ट्रिक दुचाकी गाळ्याच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावल्या जातात. लिथियम बॅटरी आतूनच उष्णता निर्माण करते, तिला एबीसी किंवा सीओटू थोपवू शकत नाही. चार्जिंग बाहेर हलवा, निदान बाहेर पडायच्या वाटेवर तरी नको.

पॅकिंगच्या गाळ्यात सहा किलोची एबीसी अशी लावा की कुठूनही १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागणार नाही, आणि पॅनेलसाठी एक सीओटू. ते पॅनेलच्या अगदी खाली न टांगता बाहेर पडायच्या दिशेला टांगा, नाहीतर आगीत हात घालून काढावं लागेल. आयटी ऑफिसमध्ये सर्व्हर रूमच्या दाराबाहेर सीओटू, कामाच्या जागेत एबीसी.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. त्या भेटीत सिलिंडरवरचं लेबल बदलून समाधान मानू नका. सीओटू तुमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडर तपासल्याची) तारीख स्वतः वाचा.