खुलताबादचे चढ आणि मागचे ३४ दाते : दहा महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी खुलताबादजवळच्या म्हैसमाळ डोंगराच्या शेवटच्या चढावर पायडल एकदम हलकं झालं. चेन उतरली असेल म्हणून खाली पाहिलं, तर चेन जागेवर. पाय फिरतोय, चेन फिरतेय, मागचे दातेही फिरताहेत, फक्त चाक फिरत नाही. सायकल घेऊन तीन महिने झाले होते, सातशे किलोमीटरही पुरते झाले नव्हते. उतार होता तिथे बसून आले, सपाटीला ढकलत आले. खुलताबादला खोलीवर पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता.

त्या दिवशी रागाच्या भरात लिहिलं असतं तर ‘ही सायकल घेऊ नका आणि म्हैसमाळच्या नादी लागू नका’ एवढंच लिहिलं असतं. आज जुलै आहे, सायकल २,६०० किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि त्यातलं पहिलं मत बदललंय, दुसरं तर पुसूनच टाकलंय.

सायकल तुम्हाला माहीत असलेल्यातलीच : हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलींच्या मधली), ७०० बाय ३५ टायर, चाकाची कड दोन्ही बाजूंनी धरणारे व्ही-ब्रेक, पुढे पायडलजवळ ३८ दात्यांचं एकच चक्र (चेनव्हील), मागे १४ ते २८चे सात गिअर. १६,५०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच जोड बऱ्याच कंपन्या विकतात. बदली होऊन खुलताबादला आले, ऑफिस खोलीपासून दोन किलोमीटरवर, म्हणून घेतली. फिरण्याचं वेड नंतर लागलं.

संभाजीनगरच्या सपाट रस्त्यांवर या सायकलीत खोट काढता येत नाही. खुलताबादला येते. संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर, म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. चाळीस किलोमीटरच्या रस्त्यात पाचशे मीटर चढायचे, आणि ते सारखे वाटलेले नाहीत. दौलताबादच्या घाटात एक हप्ता, म्हैसमाळच्या शेवटच्या टप्प्यात दुसरा हप्ता. या दुसऱ्या हप्त्यासाठी पुढच्या ३८ ला मागे २८ हा गिअर जड आहे. हिशेब मांडून दाखवते. या जोडीत पायडलच्या एका फेरीला सायकल साधारण २.९ मीटर पुढे जाते. चढावर माझे पाय मिनिटाला पन्नास फेऱ्या मारतात, म्हणजे वेग ताशी जवळपास ९ किलोमीटर हवा. तेवढी ताकद माझ्यात नाही. मग फेऱ्या पस्तीसवर येतात, उभं राहून रेटावं लागतं आणि सगळा जोर गुडघ्यावर आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दात्यांच्या गठ्ठ्याच्या, आतल्या दोन चिमुकल्या तुकड्यांवर पडतो.

मागे ३४ दाते असतील तर तीच फेरी २.४ मीटरची. पन्नास फेऱ्यांना ताशी ७ किलोमीटर पुरतात. फेरीमागे फक्त अर्धा मीटर कमी. माझं अख्खं मत या अर्ध्या मीटरवर फिरलंय.

डिसेंबरात बिघडलेली सायकल काळी-पिवळीच्या टपावर बांधून शहरात दुकानात नेली. सायकलीचे दीडशे रुपये वेगळे. तिथे सांगितलं की फ्रीव्हील वॉरंटीत येत नाही, ते झिजणाऱ्या सामानात मोडतं. हे एक वेळ मान्य. पण सातशे किलोमीटरमध्ये काय झिजलं ते उघडून दाखवा म्हटलं तर उघडलं नाही. ३४ चं फ्रीव्हील बसवून द्या म्हटलं तर ‘या सायकलला ते बसत नाही, मागचा डिरेलर, शिफ्टर, चेन सगळं बदलावं लागेल’ (डिरेलर म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शिफ्टर म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) असं म्हणत ६,८०० रुपयांचा आकडा कागदावर लिहून दिला. सोळा हजारांच्या सायकलवर पावणेसात हजार! मी सायकल तशीच परत आणली. येता-जाताचे तीनशे रुपये गेले, ते मला अजून बोचतात.

खुलताबादच्या बाजारात एक चाचा पंक्चर काढतात, मागच्या भिंतीला जुनी चाकं टांगलेली असतात. त्यांच्याकडे मी फक्त हवा भरायला जायचे. त्यांनी चाक हातात घेऊन उलटं-सुलटं फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, “कुत्ते गेले याचे, मॅडम.” फ्रीव्हीलच्या आत दातात अडकून चाकाला पुढे रेटणारे जे दोन तुकडे असतात, त्यांना सायकलवाले कुत्ते म्हणतात. उघडल्यावर एका कुत्त्याची स्प्रिंग तुटलेली, दुसरा वाळलेल्या ग्रीसमध्ये आणि मातीत चिकटून बसलेला.

“पाण्याचा पाइप मारता का इथं?”

मारत होते. दर रविवारी, धुऊन चकचकीत करायला, थेट दात्यांवर.

“मग माती आत जाते, तेल बाहेर येतं. कपड्यानं पुसा, अन् दोन थेंब तेल. बस.”

म्हणजे दोष निम्मा माझा होता, हे इथे स्पष्ट लिहिते. निम्मा त्या गिअरचा. आणि दुकानाचा दोष असा की हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

चाचांनी १४ ते ३४ चं फ्रीव्हील आठ दिवसांत मागवून दिलं. डिरेलर तोच, शिफ्टर तोच. चेन मात्र मोठ्या दात्यांवर ताणली जात होती, म्हणून पडून असलेल्या तुकड्यातल्या कड्या घालून वाढवली आणि डिरेलरचा मागचा स्क्रू थोडा आवळला. फ्रीव्हीलचे ८५०, मजुरीचे १५०. मागच्या चाकाला आउट होता, म्हणजे ते फिरताना डगमगत होतं, तोही त्यातच काढून दिला. आज सहा महिने झाले, गिअर एकदाही अडकलेला नाही. फक्त २४ वरून थेट ३४ वर जाताना मोठा झटका बसतो, चढ सुरू होण्याआधीच गिअर टाकावा लागतो. सवयीचा भाग आहे.

आता रस्ते. कागजीपुऱ्याहून हातकागदाची एक वही आणली आहे, तिच्यात वेळ आणि गिअर लिहून ठेवते, त्यावरून सांगते.

शहराकडून येणारा रस्ता, म्हणजे पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, घाट, खुलताबाद, हा प्रसिद्ध आहे पण मला आवडत नाही. वाहनं फार. किल्ल्याजवळ रस्ता जुन्या वेशीतून जातो, सुट्टीच्या दिवशी तिथे बसगाड्यांच्या धुरात उभं राहावं लागतं. सीताफळांच्या दिवसांत टोपल्या लागतात तेवढं सुख. करायचाच तर सहाच्या आत.

वेरूळचा उतार मात्र मन लावून करण्यासारखा आहे. खुलताबाद डोंगरावर, वेरूळ कड्याच्या पायथ्याशी, मध्ये चार-पाच किलोमीटर. पहिले दोन महिने मी संध्याकाळी उतरायचे, कारण लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि उतरत्या उन्हात सोळा नंबरचं कैलास सोन्यासारखं दिसतं. पण परतीला तोच कातळ दुपारभर तापलेला असतो आणि चढताना त्याची धग अंगावर येते. एका चढाला दोन बाटल्या पाणी संपायचं. मग एकदा सकाळी उतरले आणि उलगडलं : कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन डोंगराच्या पाठीमागे राहतं आणि चढाचा बराच भाग सावलीत असतो. तेव्हापासून साडेसहाला खाली, घृष्णेश्वराचं दर्शन, चहा आणि आठच्या आत वर. वहीत हाच चढ संध्याकाळी ४१ मिनिटांचा आहे, सकाळी ३४ चा. गिअर तोच, पाय तेच. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी रस्ताही मोकळा. श्रावणी सोमवारी जाऊ नका.

सुलीभंजनचा रस्ता छोटा आहे. एकनाथ महाराजांनी तप केलं ते ठिकाण, वर दत्ताचं मंदिर, आणि दगडानं ठोकलं की घंटेसारखी वाजणारी शिळा. ऑफिस सुटल्यावर दिवस मावळायच्या आत होऊन येते. परतीच्या वाटेवर कधीकधी मलिक अंबरच्या कबरीकडे वळते. १६२६ साली गेलेला माणूस. ज्यानं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि तिला नहरीचं पाणी दिलं, त्याच्या घुमटाच्या सावलीत बाटलीतलं पाणी पिताना दर वेळी त्याची आठवण येते.

आणि म्हैसमाळ. बारा किलोमीटर. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा शेवटच्या चढावर तीनदा उतरले होते. पठारावर रानफुलं होती म्हणतात, मला फक्त माझा श्वास आठवतो. नव्या फ्रीव्हीलवर जानेवारीत गेले आणि एकदाच उतरले. मार्चमध्ये एकदाही नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला गिरिजामातेच्या दर्शनाला निघालेल्या बायका पायी चढत होत्या, मी ३४ वर त्यांच्या बरोबरीनं हळूहळू. एक मावशी म्हणाल्या, “दमानं ये गं बाई, देवी कुठं पळून चालली नाही.” त्या चढावर मला पहिल्यांदा बोलता आलं. उत्तर देता येईल एवढा श्वास शिल्लक होता. चांगल्या गिअरची खूण मला एवढीच कळते : चढावर कुणी बोललं तर उलट बोलता आलं पाहिजे.

आता पावसाळ्यात एक नवी अडचण आहे. ओल्या रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, व्ही-ब्रेक उशिरा धरतात, म्हैसमाळहून धुक्यात उतरताना हे जाणवतं. मी उतारभर दोन्ही ब्रेक हलके दाबून, सोडून, पुन्हा दाबून येते, म्हणजे रिम पुसली जाते. ब्रेक रबर मे महिन्यात बदलले, १२० रुपये जोडी. डांबरी सोडून शेताच्या वाटेला तर पावसात अजिबात वळू नका. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापली जाते आणि चाक जागच्या जागी बसतं. मी परवा काडीनं कोरत अर्धा तास घालवला.

घरी येऊन पाइप लावला नाही. माती वाळू दिली, ब्रशनं झाडली, कपड्यानं पुसलं, फ्रीव्हीलवर दोन थेंब तेल टाकून पायडल उलटं फिरवलं. कुत्त्यांचा टिकटिक आवाज स्वच्छ येतोय. या शनिवारी सायकल बाहेर काढणार नाही. श्रावण लागतोय, रात्रभर लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी येतील आणि रस्ता त्यांचा असेल. रविवारी पहाटे म्हैसमाळ. फुलं या वेळी बघायची आहेत.