जलरंगात माणसं रंगवायला शिकताना: थरांवर थर की एका दमात?

जलरंगात व्यक्तिचित्र शिकायला घेतलं की दोन पद्धती समोर येतात. पहिलीत फिकट रंगाचा एकेक थर पूर्ण वाळू देत चेहरा हळूहळू घडवायचा. दुसरीत कागद ओला आहे तोवरच रंग एकमेकांत मिसळू द्यायचे आणि एका बैठकीत काम संपवायचं. मुरलेले चित्रकार एकाच चित्रात दोन्ही वापरतात, पण नवख्याला सुरुवातीचे महिने कशाला द्यायचे ते ठरवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: चेहऱ्यासाठी आधी थर, पूर्णाकृतीसाठी पहिल्यापासून एका दमात.

थरांच्या पद्धतीत विचार करायला वेळ मिळतो. पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर, सगळ्या चेहऱ्यावर द्यायचा, डोळ्यांवरून आणि ओठांवरूनही. नाकाच्या शेंड्यावरची आणि कपाळावरची चमक तेवढी कोरी ठेवायची. डोळ्यांचा पांढरा भाग कोऱ्या कागदाइतका पांढरा जवळजवळ कधीच नसतो. तो कोरा सोडला की चेहरा दचकल्यासारखा दिसतो. दुसरा थर छायेचा. उजेड वरून येत असेल तर डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग, वरचा ओठ, हनुवटीखालचा गळा हे सगळं जमेल तितकं सलग रंगवायचं. बुबुळं, नाकपुड्या, ओठांमधली रेघ शेवटी. तीन-चार थरांत चेहरा उभा राहतो.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा गडदपणात आहे. जलरंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या छाया हमखास कमी पडतात. थरांमध्ये ती उणीव भरून काढता येते, दुसऱ्या पद्धतीत गडदपणा पहिल्याच फटक्यात नेमका लागतो. उलट बाजूही आहे. खालचा थर ओलसर असताना वरून ब्रश घासला की चिखल होतो, आणि थर वाढत गेले की कागदाचा उजेड मरतो. म्हणून खाली क्विनाक्रिडोन रोझसारखे (गुलाबी) कागदात मुरणारे रंग बरे; ओल्या ब्रशने सहज उठणारे अल्ट्रामरीन (निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) वरच्या थरांत घ्यावेत. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कॉटनचा, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) असावा. गुळगुळीत हॉट प्रेसवर खालचा रंग लवकर सुटतो.

एका दमात रंगवणं म्हणजे कागदावरच्या पाण्याची चमक वाचणं. गालावर वॉश दिला की तिरक्या नजरेने पाहा. पृष्ठभाग आरशासारखा लखलखत असेल तर टाकलेला लाल रंग दूर पसरून हरवतो. चमक मंदावून रेशमी झाली की तोच रंग थोडासाच पसरतो आणि गालाची गोलाई आपोआप येते. चमक पूर्ण गेली आणि कागद नुसता गार लागतोय, तेव्हा मात्र हात मागे घ्यायचा. त्या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते आधीचा रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कडा उमटते. कपाळाच्या मधोमध असा डाग पडला की निस्तरणं अवघड. पण ही पद्धत साधली की त्वचेला जो ताजेपणा येतो, तो थरांतून क्वचितच मिळतो.

त्वचेच्या मिश्रणात मात्र फारसा फरक पडत नाही. उजेडात ऑकर आणि गुलाबीसर लाल, छायेत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन, एवढ्यावर फिकट ते गडद बहुतेक वर्ण जमतात. जुनं अलिझारिन क्रिमझन (गडद लाल) तेवढं टाळा, ते उजेडात उडतं.

पूर्णाकृतीचं गणित वेगळं आहे. तिथे ओळख पटते ती उभं राहण्याच्या ढबीवरून. डोळे-नाक तितके मोलाचे नसतात. उभी आकृती साधारण साडेसात डोक्यांची, आणि एका पायावर भार असेल तर गळ्याची खळगी त्याच पायाच्या घोट्याच्या वर येते. एवढं पेन्सिलने पकडलं की तळहाताएवढी आकृती ओल्या रंगात भराभर करता येते: डोकं दोन फटक्यांत, गळ्याची छाया कपड्यात मिसळलेली, पावलं जमिनीत विरघळलेली. इथे थर चढवत बसलात तर माणूस ताठरतो. आणि या लहान आकृतींतूनच पाण्याचा अंदाज येतो, जो पुढे चेहऱ्याला कामी येतो.

संयमाचं फळ पाहायचं असेल तर सा. ल. हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री पाहा. बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड जलरंगातला आहे. मोकळ्या हाताचं काम पाहायचं तर अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची जलरंगातली माणसं. त्यानेही जागोजागी अपारदर्शक पांढरा वापरला आहे, तेव्हा पांढऱ्याला हात लावणं पाप समजू नका.

माझ्या सल्ल्याला एक अपवाद आहे. कोळशाने किंवा पेन्सिलने व्यक्तिचित्रं करून छाया-प्रकाश आधीच पक्का असेल, तर चेहराही थेट ओल्यात सुरू करा. थरांत अडकलात तर सवयीचं शेडिंगच रंगात कराल. फोटोवरून काम करणाऱ्यांना थर सोयीचे, पण फोटोत छाया काळ्याठिक्कर होतात, त्या तशाच उतरवू नका.

तरीही ठरत नसेल तर एकच रेखाटन दोन कागदांवर उतरवा. पहिलं फक्त सेपियाच्या (गडद तपकिरी रंगाच्या) थरांत, दुसरं सगळे रंग घेऊन एका दमात. दोन्ही पूर्ण वाळल्यावर डोळे किलकिले करून छायेचा गडदपणा ताडून पाहा. दुसऱ्यात तो फार फिका पडला असेल, तर अजून काही दिवस थरच करा.