एलईडी बायनॉक्युलर मायक्रोस्कोप, दीड वर्ष वापरल्यावर

सिंहगड रोडवरच्या आमच्या छोट्या लॅबसाठी हा अंबाल्याचा मायक्रोस्कोप घेतला. साडेसव्वीस हजार, जीएसटी वेगळा. तक्रारी आहेत म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

आत चार्जिंगची बॅटरी आहे, त्यामुळे गुरुवारी लाइट गेली तरी काम थांबत नाही. पुण्यात एवढ्यासाठीच अर्धे पैसे वसूल! १० ची लेन्स छान, ४० ला कडा जरा धूसर.

खरा कस लागला गेल्या पावसाळ्यात. दम्यासाठी कित्येक महिने स्टिरॉइड घेणाऱ्या एका काकांचं स्पुटम, म्हणजे कफ, टीबीच्या तपासणीसाठी आलं होतं. ताज्या नमुन्याचा थेंब घेतला, कव्हरस्लिप टाकली, कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) खाली केला. १० च्या लेन्सखाली काहीतरी वळवळलं. कापसाचे धागे आणि कफाचे पीळ आजवर पुष्कळदा फसवून गेलेत, पण धागा स्वतःहून कूस बदलत नाही. अळीच होती ती. आयोडीन सोडून तिला गप्प केलं, ४० लावली, आणि नेमकं तेव्हाच स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) हळूहळू खाली बसायला लागलं. एका हाताने नॉब धरून बघितलं: शेपटीच्या टोकाला खाच, अन्ननलिका जवळजवळ निम्म्या अंगापर्यंत. तशाच दिसणाऱ्या हुकवर्म या जंताच्या अळीची शेपटी टोकदार असते, अन्ननलिकाही पाव अंगाचीच. परत १० वर येऊन आयपीसमधल्या मोजपट्टीवर मोजलं तर ५४ घरं, म्हणजे ५४० मायक्रॉन. स्ट्राँगिलॉइडिस, आतड्यात राहणारा बारीक जंत! लॅबच्या मॅडमनी बघितलं आणि रिपोर्ट टाइप व्हायच्या आत डॉक्टरांना फोन लावला. स्टिरॉइडवरच्या माणसात ही अळी आतल्या आत वाढत सुटते, तिथे उद्यावर टाकून चालत नाही.

आता ती मोजपट्टीची आयपीस, म्हणजे डोळ्याकडची लेन्स. वेगळे अठराशे घेतले, वर दुकानदार म्हणे, "एक घर दहा मायक्रॉन, डोळे झाकून लिहा." अहो, ते १० च्या लेन्सला, ४० ला तेच घर अडीच मायक्रॉनचं होतं. मैत्रिणीच्या कॉलेजातून स्टेज मायक्रोमीटर (अचूक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) मागून आणला आणि स्वतः कॅलिब्रेट केलं.

स्टेजसाठी सर्व्हिसवाला तीन आठवड्यांनी उगवला. मोठ्या नॉबमागची रिंग आवळली, दोन मिनिटांत काम, सहाशे रुपये. आता ती मीच आवळते.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर दुकानातच स्लाइड फोकस करा, चहा मागवा, आणि चहा संपल्यावर पुन्हा डोकावून बघा.