दगडफुलाचं पोस्टर आणि मागच्या गेटचं दुकान

कॉलेजच्या मागच्या गेटसमोरच्या या प्रिंटिंग-बाइंडिंगच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय, ते साताऱ्यात तीन वर्षं काढूनही मला सांगता यायचं नाही. सगळे 'काकांकडे' म्हणतात. मी टी.वाय. बीएस्सी, बॉटनी. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं पोस्टर आणि प्रोजेक्टचं बाइंडिंग दोन्ही इथेच केलं.

आमचा विषय दगडफूल, म्हणजे लायकेन. गोड्या मसाल्यात पडतं त्याचीच ही झाडावरची भावंडं. बुरशी आणि शैवाल एकाच घरात नांदतात, आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक जातींना सोसत नाही. म्हणून गाड्यांच्या वर्दळीच्या पोवई नाक्याजवळची आंब्याची झाडं आणि कॉलेजच्या आवारातली, अशी तुलना. खोडावर 10 बाय 10 सेंटीमीटरची तारेची चौकट धरायची, आतलं दगडफूल मोजायचं, फोटो काढायचा. नाक्यावर लोक विचारायचे, "झाड तोडणार काय गं?"

तर पोस्टर. तीन बाय तीन फूट, स्टार फ्लेक्स, 30 रुपये चौरस फूट, म्हणजे 270. कॉम्प्युटरवरच्या दादाचा हात वाऱ्यासारखा चालतो, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या प्रिंटमध्ये त्याने फोटो रकान्यात बसावेत म्हणून आडवे ताणले. आमची चौकट चौरस राहिलीच नाही! ज्या चौकटीवर सगळं मोजमाप उभं, तीच लांबट. शास्त्रीय नावं तिरपी हवीत, ती त्याने 'नीट दिसावं' म्हणून सरळ केली. 'निष्कर्ष'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला, कारण मजकूर त्याने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला होता. आणि राखाडी-हिरवं दगडफूल चक्क पोपटी आलं.

मी रडवेली झाले. काकांनी चष्मा वर करून पोस्टर पाहिलं आणि दादाला म्हणाले, "पोरींचं सहा महिन्यांचं काम आहे, परत काढ." दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. या वेळी मी घरून पीडीएफ करून नेली, रंगासाठी आधी वीतभर तुकडा काढून घेतला, तो दारात उजेडात धरून पाहिला, मग पूर्ण प्रिंट. तुम्हीही असंच करा, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी जाऊ नका. आविष्कारला विषयांचे सहा गट असतात, त्या संध्याकाळी सहाही गट काकांच्या दारात उभे असतात.

बाइंडिंग काळं, सोनेरी अक्षरांचं, 150 रुपये. अक्षरं सुबक, पानं सरळ कापलेली. फक्त डिंक ओला असतानाच हातात दिलं, त्यामुळे पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटलं. ते नेमकं मॅडमच्या सहीचं.

आता चार वर्षांच्या पदवीत सहा सत्रांना 75 टक्के पडले की संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि चौथ्या वर्षी प्रबंधही करावा लागतो. म्हणजे काकांकडची रांग वाढणार. त्यांनी दुसरा माणूस ठेवावा, नाहीतर निदान दादाला फोटो कोपऱ्याला धरून मोठा करायला शिकवावं.

पाचपैकी चार. एक त्या सहीच्या पानासाठी कापला.