लिनक्स मिंट की फेडोरा?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार (सपोर्ट) संपला. घरातला चांगला चालणारा संगणक केवळ त्यापायी भंगारात काढू नका. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकता येते; मिंट आणि फेडोरा हे तिचेच दोन प्रकार.

मिंट २२ उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतील. तिच्या सिनॅमन डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीत, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. विंडोजची सवय असलेल्या आईवडिलांना काही नव्याने शिकवावं लागत नाही. ४ जीबी रॅम असली तरी काम भागतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सोबत येणारं टाइमशिफ्ट. ते आधी सुरू करून ठेवा, म्हणजे एखादं अपडेट बिघडलं तरी कालच्या स्थितीत परतता येतं.

फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी येते आणि प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ताजं असल्याने नव्याकोऱ्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स तिच्यावर चालण्याची शक्यता जास्त. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही ग्नोम या तिच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच जोडता येतो. मात्र काही कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे सॉफ्टवेअरचे भाग) पेटंटमुळे वगळलेले असतात, ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-भांडारातून घ्यावे लागतात.

जुन्या यंत्रावर मी डोळे झाकून मिंट टाकेन. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीच्या नव्या लॅपटॉपवर मात्र फेडोराच.